रेवताबाईच्या बारा ताट्या

ढिवराच्या घरात मेंढ्या कशा आल्या, असं अड्याळच्या बाजारात कोणी विचारलं की रेवताबाई सांगते, "आल्या नाही जी, राहिल्या. पाय दुखत होते त्यायचे."

आणि ते खरंच आहे. अड्याळपासून पायी तासाभराच्या अंतरावर, तलावाच्या पाळीला, म्हणजे बांधाला लागून, ढिवरटोली आहे. पंचवीस-तीस घरं. पुरुष तलावावर आणि नदीवर मासे धरतात, बाया टोपलीत घालून गावोगाव विकतात. रेवताबाईनंही तीस वर्षं डोक्यावर टोपली वाहिली. शेवटी मान अशी आखडली, की उजवीकडं बघायचं तर सगळं अंग वळवावं लागायचं. त्याच वर्षी, धान निघाल्यावर, परसराम नावाचा मेंढपाळ आपला कळप घेऊन त्या भागात उतरला होता. दोन मेंढ्यांची खुरं सडली होती. त्या कळपाबरोबर चालेनात. परसराम तलावावर पाणी पाजायला आला, तेव्हा रेवताबाई गवत कापत होती.

"बाई, या दोघी माह्यासंगं येत नाही आता. कसायाले द्याले मन होत नाही. पाहता का?"

रेवताबाईनं पाहिल्या. रोज गरम पाण्यानं खुरं धुतली, परसरामनं दिलेली निळी दवा लावली, कोवळा पाला तोंडाशी नेऊन दिला. वर्षानं परसराम परत आला तेव्हा दोघीही ठणठणीत होत्या आणि एक गाभण होती. त्यानं त्या परत नेल्या नाहीत. उलट आपल्यातला एक मेंढा तिच्याकडं सोडून गेला. अशा रीतीनं पाच-सहा वर्षांत रेवताबाईच्या दारात तेरा मेंढ्या झाल्या. मोठ्या नऊ, एक मेंढा आणि तीन पिल्लं. मासळीच्या टोपलीनं जे दिलं नव्हतं ते त्यांनी दिलं, म्हणजे तिला पुन्हा मान वर करून चालता आलं.

एकच अडचण होती. त्या धरता येत नसत.

परसराम काठीच्या आकड्यात मेंढीचा मागचा पाय अडकवायचा आणि दुसऱ्या क्षणी मेंढी त्याच्या गुडघ्याला टेकून उभी असायची. ढिवरटोलीत ही विद्या कोणाला नव्हती. बकरी हाकेला येते, गाय दाव्याला येते. मेंढी एक पळाली की तेराही पळतात, आणि ज्या दिशेनं जाऊ नये नेमक्या त्याच दिशेनं. जंताची दवा पाजायची असली की टोलीतली दहा माणसं हात पसरून उभी राहत. लेकरं हसायची, कुत्री भुंकायची, मेंढ्या तोंड उघडून धापा टाकायच्या. तीन-चार मेंढ्यांना दवा मिळायची, बाकीच्या तशाच राहायच्या.

गेल्या पौषात याच धावपळीत घात झाला. भुरी नावाची मेंढी चार महिन्यांची गाभण होती. दोघांनी तिला सांदवाडीच्या, म्हणजे घरामागच्या वाडीच्या कोपऱ्यात रेटलं. रेवताबाई समोर वाकली आणि भुरी तिच्या खांद्यावरून उडाली. रेवताबाई दगडावर पडली. डाव्या मनगटाचं हाड मोडलं. दोन दिवसांनी भुरीनं मेलेलं पिल्लू टाकलं.

हाताला दीड महिना प्लास्टर होतं, त्याचं तिनं फारसं मनावर घेतलं नाही. पण भुरी तीन दिवस त्या जागेवर जाऊन माती हुंगत राहिली, ते मात्र तिच्यानं बघवेना. "आपूनच पळवलं तिले," असं ती नवऱ्याला दोनदा म्हणाली. गोपीचंद कमी बोलणारा. तो म्हणाला, "मुद्दाम नाही पळवलं." तेवढ्यानं तिचं समाधान झालं नाही.

प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात सरकारी दवाखान्याच्या नीतू मॅडम टोलीत आल्या होत्या. वयानं तिशीच्या आतल्या, स्कूटीवर फिरणाऱ्या, स्पष्ट बोलणाऱ्या. पौषातल्या त्या दिवशी त्याही हजर होत्या आणि त्यांच्या गुडघ्यालाही खरचटलं होतं.

"मावशी, पावसाळ्याआधी आंत्रविषाराची लस द्यावीच लागते," त्या म्हणाल्या. "नाही दिली तर कोवळं गवत खाऊन चांगली धष्टपुष्ट मेंढी सकाळी मेलेली सापडते. मी मे महिन्याच्या शेवटी येते. पण असं पळवून मी एकीलाही सुई टोचणार नाही. त्यांना जवळ आणून उभं करता येईल असं कुंपण करून ठेवा."

"कुंपन कुठं करू जी? वाडी तं एवढीशी."

"तेच म्हणते. हलवता येणारं करा."

हे रेवताबाईला पटलं. तिच्या मेंढ्या एका जागी नसतातच. उन्हाळ्यात तलाव आटला की उघड्या पडलेल्या गाळपेरावर चरतात, पावसाळ्यात टेकाडाकडच्या पडीत जमिनीवर, आणि धान कापलं की लोकांच्या मोकळ्या बांध्यांमध्ये, म्हणजे धानाच्या शेतांत. पाळीवर खांब गाडायला परवानगी नाही, आणि स्वतःची जमीन म्हणाल तर घराखाली आहे तेवढीच. कुंपण हवं ते तिच्याबरोबर चालणारं हवं.

गोपीचंद म्हणाला, "इतकं काय त्यात? जाळं हाये नं घरी."

ढिवराच्या घरात पहिल्यांदा जाळंच आठवणार. दुसऱ्या दिवशी त्यानं सांदवाडीत चार काठ्या रोवल्या आणि त्यांना आपलं नायलॉनचं मोठं जाळं बांधलं. एका उन्हाळ्यात, पाणी कमी असताना, स्वतः बसून विणलेलं. बघायला झकास दिसत होतं. रेवताबाईनं मेंढ्या हळूच आत घेतल्या. मेंढ्या गेल्या आणि थेट जाळ्यातून पलीकडं निघाल्यासारख्या चालत राहिल्या. पुढची थांबली, मागच्या तिच्यावर आल्या, काठी पडली. सगळ्यात लहान पिल्लानं जाळ्यात मान घातली आणि घाबरून दोन गिरक्या घेतल्या. नायलॉनचा धागा गळ्यात रुतला. जीभ बाहेर आली.

गोपीचंदनं कमरेचा चाकू काढला आणि जाळं कापलं. एका ठिकाणी नाही, तीन ठिकाणी, कारण पायही अडकले होते. पिल्लू मोकळं झालं, खोकलं, आणि आईकडं पळालं. ढीवर आपल्या हातानं आपलं जाळं कापत नाही. रेवताबाईनं पस्तीस वर्षांच्या संसारात ते पहिल्यांदाच पाहिलं होतं.

संध्याकाळी फाटलेलं जाळं मांडीवर घेऊन तो शिवत बसला तेव्हा म्हणाला, "जाळं दिसत नाही म्हणून तं मासा सापडते. मेंढीले बी नाही दिसलं. तिले दिसन असं पायजे."

ही पहिली गोष्ट पक्की झाली.

त्यांचा मुलगा लिलाधर तुमसरला राईस मिलमध्ये कामाला आहे. आईचं मनगट मोडल्यापासून तो फोनवर रोज एकच विचारायचा, की मेंढ्या विकून टाकतेस का. कुंपणाचं कानावर गेलं तसा त्यानं तिला तुमसरला बोलावलंच. "माय, इथं सगळं भेटते. एकदाच चांगली पक्की वस्तू घे." रेवताबाई भंडाऱ्याला एसटी बदलून तुमसरला पोचली.

शेतीच्या सामानाच्या दुकानात एक विजेचं कुंपण होतं. पांढऱ्या-निळ्या दोऱ्यांचं, पट्ट्यांसारखं दिसणारं, हलकं, घडी करून खांद्यावर टाकता येईल असं. सोबत सूर्याच्या उन्हावर चालणारी डबी. दुकानदारानं मोबाईलवर कुठल्यातरी देशातल्या मेंढ्या दाखवल्या. हिरव्यागार कुरणात त्या कुंपणापासून हातभर दूर उभ्या होत्या.

"झटका बसते म्हणून दूर राहते," तो म्हणाला. "एकदा सवय झाली का कुत्रं बी जवळ येत नाही."

रेवताबाईला ते आवडलं होतं. हलकं होतं, हे मोठं. तिनं दोरी हातात घेऊन पाहिली.

"गवत लागलं तं?"

"खालचं गवत कापून ठेवावं लागते. नाहीतं झटका कमी होते."

"आन् मले त्यायले एकाजागी दाटून उभ्या करायच्या हायेत. सुई द्याले. तवा या दोरीले त्या टेकतीनच नं?"

दुकानदार प्रामाणिक होता. त्यानं थोडा विचार केला. "ते याच्यात नाही जमत जी. हे चराईसाठी हाये. धरायसाठी नाही. दाटून उभ्या केल्या आन् झटका बसला तं एकमेकींवर चढतीन."

तिनं दोरी नीट गुंडाळून परत ठेवली.

तिथून लिलाधरनं तिला वेल्डिंगच्या दुकानात नेलं. लोखंडी चौकटी, त्यात जाळी, कडेला एकमेकांत अडकणाऱ्या कड्या. मेंढाच काय, बैल धडकला तरी हलणार नाही अशा. लिलाधरचे डोळे चमकले. "हे पाह्य. हे खरं."

"मी उचलून पाहू का?" रेवताबाईनं विचारलं.

दुकानातले दोघं हसले, पण बाजूला झाले. तिनं पदर खोचला, चौकटीला दोन्ही हात घातले. एक कड उचलली. दुसरी जमिनीवरच राहिली. मनगटात जुनी कळ आली तशी तिनं कड हळूच खाली ठेवली.

"दोन मानसं लागते काकू," वेल्डर म्हणाला.

"घरी दोनच मानसं हाओत. त्यातलं एक पहाटेपासून पान्यात रायते."

लिलाधर म्हणाला, "मी येत जाईन नं सुट्टीले."

"मेंढी तुही सुट्टी पाहून बिमार पडन का?"

लिलाधरला राग आला नव्हता, वाईट वाटलं होतं. आईसाठी काहीतरी भारी घ्यावं, अशी त्याची इच्छा होती, आणि आई रिकाम्या हातानं परत निघाली होती. एसटीत बसवून देताना त्यानं खिडकीतून विचारलं, "मग पक्की वस्तू मंजे कोनती?"

"माह्यानं उचलते ते," रेवताबाई म्हणाली.

ही दुसरी गोष्ट पक्की झाली. पण वस्तू सापडली नव्हती, आणि एप्रिल निम्मा सरला होता.

ती सापडली ती घरापासून दोनशे पावलांवर. दुसऱ्या दिवशी सकाळी रेवताबाई गोपीचंदला शिदोरी द्यायला गेली. तलावातून पाणी जिथून नाल्यात उतरतं तिथं तो गुडघाभर पाण्यात मासे धरायचा बांबूचा सापळा लावत होता. सापळ्याच्या तोंडाशी दोन्ही बाजूंना त्यानं चिरलेल्या बांबूच्या कामट्यांचे कूड उभे केले होते. बाहेरच्या टोकाला दोन्ही कूड एकमेकांपासून वीस हात लांब, आणि सापळ्याशी येईपर्यंत हातभर. नवीन लग्न होऊन आल्यापासून तिनं हे शेकडो वेळा पाहिलं होतं. त्या सकाळी ती शिदोरी हातात धरून तशीच उभी राहिली.

"मासा याच्यातून परत काहून नाही फिरत?"

गोपीचंदनं वर पाहिलं. पस्तीस वर्षांत तिनं हा प्रश्न विचारला नव्हता. "त्याले वाटते आपून कडेकडेनं जाऊन राहिलो. कड मंग जवळ येत जाते. त्याले समजते तवा पुढं गेलेला रायते."

"आन् त्याले कोनी पळवत नाही."

"पळवलं तं उलटा येईन नं तो."

रेवताबाईनं शिदोरी काठावर ठेवली आणि कुडाला हात लावून पाहिला. बांबूचा. दिसणारा. गोपीचंद तो गुंडाळून एकटा खांद्यावर घरी आणायचा.

अड्याळला तुलाराम नावाचा म्हातारा बांबूचं काम करतो. सुपं, टोपल्या, घराच्या आडोशाला लावायच्या कामट्यांच्या ताट्या. रेवताबाई त्याच्याकडंच आयुष्यभर मासळीच्या टोपल्या घेत आली होती. ती गेली तेव्हा तिच्या हातात गाठी मारलेली एक दोरी होती. पहिल्या गाठीपर्यंत मेंढ्याच्या पाठीची उंची, त्यावर वीतभर दुसरी गाठ. ती ताटीची उंची. शेवटची गाठ होती ती तिच्या काखेत ताटी धरून वळता येईल इतक्या लांबीची.

तुलारामनं दोरी पाहिली. "बाई, लांब करा. लांब केल्या तं आठातच काम होते. तुमच्या मापानं बारा लागतीन."

"बारा होऊ द्या. लांब ताटी मले वळवता येत नाही."

"आन् फटी?"

तिनं मूठ आवळून दाखवली. पिल्लाचं तोंड केवढं असतं ते तिनं घरी आपल्या मुठीशी लावून पाहिलं होतं. "खाली मूठ जाऊ नये इतकी फट. वर जास्त ठेवली तं चालते. मले बी त्या दिसल्या पायजे."

तुलाराम आयुष्यभर लोकांना ताट्या देत आला होता, पण कोणी मूठ दाखवून माप दिलं नव्हतं. त्यानं आधी दोन नमुने करायचं ठरवलं. आठ दिवसांनी ते तयार झाले. एक अख्ख्या बांबूची चौकट आणि आत जाड कामट्या. दुसरी पूर्ण चिरलेल्या बांबूची. रेवताबाईनं पहिली काखेत घेतली आणि बाजाराच्या टोकापर्यंत चालत गेली. परत येताना ती दोनदा थांबली. दुसरी घेऊन गेली ती न थांबता परत आली. लोकांनी दुकानातून माना बाहेर काढून पाहिलं. कोणीतरी विचारलं, "बाई, घर बांधून राहिली का?" ती म्हणाली, "हो जी, चालतं घर."

हलकी ताटी घरी आली. तिनं ती सांदवाडीच्या दाराला चार दिवस बांधून ठेवली. मेंढ्यानं तिला तिसऱ्या दिवशी मागं सरून टक्कर दिली. ताटी वाकली, एक कामटी मोडली, पण उभी राहिली. कामट्यांची वरची टोकं मात्र टोकदार होती, एका मेंढीची लोकर त्यात अडकून ओढली गेली. रेवताबाई मोडकी ताटी घेऊन पुन्हा तुलारामकडं गेली. त्यानं मोडलेली जागा बोटानं चाचपली आणि एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात तिरपी पट्टी घातली. टोकं घासून गोल केली. "आता मारू दे त्याले टकरा," तो म्हणाला. उरलेल्या अकराही तशाच केल्या.

मे महिन्याचे पंधरा दिवस हातात होते. तलावाचं पाणी मागं हटलं होतं आणि काठालगत मोकळी जागा पडली होती. रेवताबाई आणि गोपीचंदनं ताट्या दोरीनं एकमेकींना बांधून उभ्या केल्या. दोन बाजूंना तीन-तीन ताट्यांचे पसरलेले कूड, पुढं निमुळती वाट, आणि वाटेच्या शेवटी मेंढ्या गोळा होतील अशी जागा. अगदी सापळ्यासारखं. मग तिनं मेंढ्या त्या तोंडाशी आणल्या.

मेंढ्या तोंडाशी आल्या आणि थांबल्या. एकीनंही पाऊल आत टाकलं नाही. रेवताबाईनं मागून हात हलवला तशा त्या दोन्ही बाजूंनी फुटल्या आणि थेट घराकडं पळाल्या. गोपीचंद मधे उभा होता, त्याच्या दोन्ही अंगांनी गेल्या.

रेवताबाई तिथंच खाली बसली. इतकं करून तेच. गोपीचंदनं ताट्यांकडं पाहिलं, मेंढ्या गेल्या त्या वाटेकडं पाहिलं.

"आपून तोंड उलटं ठेवलं," तो म्हणाला.

"कसं?"

"पानी जिकडं वाहते तिकडंच सापळा लावा लागते. वाहत्याच्या उलटा लावला तं काय येते त्याच्यात? या रोज या वाटेनं घरी जाते. तोंड तलावाकडं पायजे होतं, निमुळती वाट गावाकडं. आपून तोंड गावाकडं ठेवलं."

तो आयुष्यात एकदाही मेंढ्यांच्या मागं चराईला गेला नव्हता. रेवताबाईला हसू आलं. दोघांनी उन्हं उतरल्यावर सगळ्या ताट्या सोडल्या आणि मेंढ्यांच्या घरी येण्याच्या वाटेवर नव्यानं मांडल्या. तेव्हा तिच्या लक्षात आलं की मनगट दुखत नाहीये. सहा ताट्या तिनं एकटीनं नेल्या होत्या.

यावेळी तिनं घाई केली नाही. पाच दिवस पुढचं टोक उघडंच ठेवलं. मेंढ्या संध्याकाळी घरी यायच्या त्या या दोन कुडांमधून यायच्या. पहिल्या दिवशी हुंगत, बिचकत. दुसऱ्या दिवशी तिनं वाटेत मूठभर कोंडा टाकला. चौथ्या दिवशी त्या स्वतःच आधी पोचल्या आणि तिची वाट बघत उभ्या राहिल्या. बाहेरून जाणाऱ्या माणसांचे पाय दिसले की त्या दचकतात, असंही तिला दिसलं, म्हणून निमुळत्या भागाला तिनं खालच्या बाजूनं जुनी पोती बांधली. सहाव्या दिवशी पुढचं टोक बंद केलं. मेंढ्या आत गेल्या, कोंडा खाल्ला आणि उभ्या राहिल्या. तिनं मागची ताटी लावली, पाच मिनिटांनी उघडली. काहीच घडलं नाही.

नीतू मॅडमचा फोन आला की शुक्रवारी सकाळी येते. गुरुवारी रेवताबाईच्या डोळ्यासमोर पौषातलं सगळं पुन्हा आलं. रिकाम्या वाटेवर शांत चालणं वेगळं, आणि परकी बाई, सुई, दवेचा वास हे वेगळं. भुरी पुन्हा गाभण होती, नुकतीच. ती यावेळी उडाली तर? शेवटी तिनं ठरवलं, की एकही मेंढी पळायला लागली तर आपण ताटी उघडून देऊ, लस राहिली तरी चालेल.

शुक्रवारी मॅडम स्कूटीवर बर्फाचा डबा बांधून आल्या. त्यांनी आधीच जुने बूट घातले होते. ताट्या बघून त्या थांबल्या.

"हे कोणी सांगितलं तुम्हाला?"

"माशायनं," रेवताबाई म्हणाली.

टोलीतली माणसं नेहमीसारखी मदतीला आली होती. तिनं सगळ्यांना हात जोडून घरी पाठवलं. कुत्री बांधायला लावली. मग ती पुढं चालली, कोंड्याचं सूप हातात घेऊन, आणि गोपीचंद मेंढ्यांच्या खूप मागून, जणू तो आपल्याच कामाला निघालाय असा. तेराही मेंढ्या तिच्या मागोमाग कुडाच्या कडेकडेनं आल्या, निमुळत्या वाटेत एकामागून एक झाल्या, आणि आत जाऊन उभ्या राहिल्या. गोपीचंदनं मागची ताटी लावून दोरीचा फास टाकला.

मॅडम आत शिरल्या. पहिल्या मेंढीची कातडी चिमटीत धरली, सुई टोचली, कपाळावर खडूची रेघ ओढली. दुसरी. तिसरी. मेंढ्या एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, कोंडा चघळत. मेंढ्याची पाळी आली तेव्हा त्यानं मुंडकं खाली घालून एक ताटी खालून उचलली. गोपीचंद चटकन त्या ताटीवर पाय देऊन उभा राहिला आणि सगळं होईपर्यंत तिथंच राहिला. ताट्यांना खाली खुंट्या हव्यात, हे तेव्हा समजलं. बाकी काही समजून घ्यायची वेळच आली नाही.

भुरीच्या वेळी रेवताबाईनं स्वतः तिच्या हनुवटीखाली हात दिला. भुरीचा श्वास तिच्या तळहाताला लागत होता, संथ. सुई गेली. भुरीनं कान हलवला.

"झालं मावशी," मॅडम म्हणाल्या. "तेरा."

"झालं?"

"झालं. मी अर्धा दिवस काढून आले होते."

अजून ऊन तापायचं होतं. रेवताबाईला काय करावं ते सुचेना. एवढा वेळ उरेल असं तिनं धरलंच नव्हतं. मग तिला आठवलं की मेंढ्या हाताशी उभ्या आहेत, तर खुरं बघून घ्यावीत. एकेकीचा पाय उचलून तिनं पाहिला, मॅडमनी वाढलेली नखं कापून दाखवली. परसरामनं दिलेल्या दोघींपैकी म्हातारीच्या पुढच्या खुरात बाभळीचा काटा निघाला, आतून पिकलेला. ती लंगडत होती ते वयामुळं, असं रेवताबाई महिनाभर समजत होती. काटा काढला, निळी दवा लावली. म्हातारीनं पाय खाली टेकवला, पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला.

तेवढं झाल्यावर रेवताबाईनं ताटी सोडली. बाहेर येऊन ती पाळीवर बसली आणि तिला रडू आलं. आवाज नव्हता, नुसतं पाणी. मॅडम घाबरून जवळ आल्या.

"हात दुखतोय का?"

"नाही जी." तिनं पदरानं तोंड पुसलं. "काहीच नाही दुखत. म्हनूनच."

गोपीचंदनं त्या दिवशी सकाळी धरलेले झिंगे बाजारात पाठवले नव्हते. रेवताबाईनं ते रांधले, मॅडमना भात वाढला. मॅडम शहरातल्या, झिंगे त्यांनी आधी चाखत चाखत खाल्ले, मग दुसऱ्यांदा मागून घेतले. जेवताना त्यांनी मोबाईलवर ताट्यांचे फोटो काढले, मापं विचारून लिहून घेतली. रेवताबाईनं त्यांना दोरीच दाखवली.

संध्याकाळी लिलाधरचा फोन आला. तिनं सगळं सांगितलं. त्यानं विचारलं, "एकही पळाली नाही?"

"एकही नाही."

"आन् तू?"

"मी बी नाही पडली, बाबू."

त्या पावसाळ्यात आसपासच्या दोन गावांत मेंढ्या मेल्या, असं ऐकू आलं. रेवताबाईच्या तेराच्या तेरा राहिल्या. जुलैत टेकाडाकडं चराई सुरू झाली तेव्हा ती आणि गोपीचंद सकाळी खेपा करून ताट्या वर घेऊन गेले. खाली खुंट्या बसवलेल्या होत्या. टोलीतल्या धुरपताबाईकडं पाच बकऱ्या आहेत. तिनं दवा पाजायच्या दिवशी चार ताट्या मागून नेल्या आणि आता स्वतःसाठी तुलारामकडं सांगून आली आहे. रेवताबाईनं तिला बजावलं, "तुह्या बकऱ्या उड्या मारते. माह्या मापाच्या घेऊ नको. हातभर उंच सांग." आणि मग आपली दोरी घेऊन ती स्वतःच धुरपताबाईबरोबर अड्याळला निघाली, म्हणजे माप चुकायला नको.